पावसाळी सुट्टीतून पुन्हा शर्यतीत: रोइंग करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती बसायच्या आसपास माझ्या फोनवर दरवर्षी तेच प्रश्न येऊ लागतात. विचारणारे बहुतेक पुण्यातले कॉलेजवाले, थोडे नाशिकचे, काही नोकरी सांभाळून मास्टर्स (मोठ्या वयाच्यांच्या) गटात उतरणारे, आणि बरेचसे पालक. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. मी पूर्वी बोटीत बसायचो, आता काठावरून ओरडतो. डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरांकडे जायला सांगितलंय तिथे खरंच जा.

सुट्टी घेतलीच पाहिजे का? मला तर थांबावंसं वाटत नाही.

पुण्यात हा निर्णय नदीच घेऊन टाकते. खडकवासल्यातून विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला, मुळशी-पवनेचं पाणी मुळेला आलं, की बोटी स्टँडवर उलट्या ठेवायच्या आणि घरी जायचं. लोंढ्याबरोबर ओंडके येतात, मेलेली जनावरं येतात. सिंगल स्कलचं, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायच्या बोटीचं, नियमातलं किमान वजन १४ किलो. त्या पात्यासारख्या बोटीत बसून पुराला आव्हान देण्यात काही मर्दुमकी नाही.

पण नदी शांत असती तरी मी सुट्टी घ्यायला लावलीच असती. दोन हजार मीटरच्या शर्यतीत साधारण सव्वादोनशे ते अडीचशे स्ट्रोक (वल्ह्याच्या ओढी) होतात, बारा किलोमीटरच्या सरावात हजाराच्या वर. वर्षभर तेच वाकणं, तीच ओढ, त्याच बरगड्या. स्वीपवाल्यांचं, म्हणजे दोन्ही हातांनी एकच वल्हं ओढणाऱ्यांचं, तर एकाच बाजूला वळणं. काही भाग फक्त थांबल्यानेच भरून निघतात.

आणि मनाचंही आहेच. ब्रिटनचा रोअर स्टीव्ह रेडग्रेव्ह याने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकनंतर जाहीर सांगून टाकलं होतं, की यापुढे मी बोटीजवळ दिसलो तर खुशाल गोळी घाला. काही महिन्यांत गडी परत बोटीत. पुढच्या वर्षी मधुमेहाचं निदान झालं, तरी २००० ला सिडनीत पाचवं सुवर्ण घेतलं, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. हंगाम संपल्या संपल्या माणूस जे बोलतो ते मनावर घेऊ नये, त्याचं स्वतःचंसुद्धा. “सर, मी सोडतोय” असा मेसेज आला की मी तीन आठवडे उत्तरच देत नाही.

किती दिवसांची सुट्टी योग्य?

शेवटच्या शर्यतीनंतर दोन ते तीन आठवडे रोइंग पूर्ण बंद, अर्गोसुद्धा (जिममधलं रोइंग मशीन) नाही. त्यानंतर महिनाभर हवं ते करा, फक्त हलत राहा. तक्ता नको, स्प्लिट (५०० मीटरला लागणारा वेळ) नको, घड्याळ नको. राष्ट्रीय स्पर्धा बहुधा हिवाळ्यात येतात, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून लागलं तरी वेळ पुरतो.

थांबलो तर फिटनेस किती जाईल?

वाटतं त्यापेक्षा लवकर जातो आणि वाटतं त्यापेक्षा लवकर येतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातला द्रव भाग कमी होतो, म्हणून तेवढ्याच वेगाला नाडी जास्त पडते. चार आठवडे काहीच केलं नाही तर दमसास जाणवण्याइतका घटतो. ताकद मात्र त्या मानाने टिकून राहते.

आता आकडे, कारण सगळ्यांचा जीव त्यातच अडकलेला असतो. अर्गोवर ७ मिनिटांचा २के (दोन हजार मीटर) म्हणजे ५०० मीटरला १:४५, म्हणजे सुमारे ३०२ वॉट. ७:२० म्हणजे १:५०, सुमारे २६३ वॉट. घड्याळात फक्त वीस सेकंद दिसतात, पण इंजिन तेरा टक्क्यांनी खाली आलेलं असतं. म्हणूनच परतल्यावर “वीसच सेकंदांचा तर फरक आहे, रेटून नेतो” हे गणित फसतं. वेग आणि वॉट यांचं नातं घनाचं आहे, सरळ नाही. परतीचे पहिले चार आठवडे मॉनिटरवर स्प्लिटऐवजी वॉट लावून ठेवा, आपण कुठे आहोत ते खरं कळेल.

सुट्टीत सिंहगड चढला तर चालेल?

चालेल काय, उत्तमच. आतकरवाडीहून पायवाटेने वर जा. मांड्यांना आणि दमाला काम मिळतं, पाठ नव्वद टक्के सुटीवर राहते. वर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा, त्याचा हिशोब ठेवू नका. उतरताना गुडघे सांभाळा, पावसात ती वाट साबणासारखी होते. सायकल, पोहणं, बॅडमिंटन, काहीही चालेल.

एकाने आळंदी ते पंढरपूर वारी केली होती आणि “माझा बेस (दमाचा पाया) गेला” म्हणून तोंड पाडून आला. सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आलेल्या माणसाचा बेस जात नाही, उलट त्या वर्षी तो आमच्यात सगळ्यात ताजातवाना होता. पायाचे फोड तेवढे हाताच्या फोडांच्या आधी आले, इतकंच.

मी ढोल पथकात आहे. ते सोडू का?

हा प्रश्न पुण्याबाहेरच्यांना विनोदी वाटेल, पण माझ्याकडे तो दर वर्षी पाच-सहा जणांकडून येतो. सोडू नका. मात्र ढोल व्यायामात धरा, विश्रांतीत नाही. कमरेला दोरी आवळून ढोल पुढे लटकवला की माणूस आपोआप मागे झुकतो, आणि तीन तास तसाच उभा राहतो. म्हणजे कण्याचा खालचा भाग, ज्याला सुट्टी द्यायची तोच, रोज राबतो. सरावाच्या दिवशी जिममध्ये डेडलिफ्ट करायचे नाहीत. विसर्जन मिरवणुकीनंतर चार दिवस काहीच नाही, झोपा.

टिपरूने हाताला आलेले घट्टे वल्ह्याच्या कामाचे नसतात, ते भलत्याच जागी असतात. त्या भरवशावर पहिल्याच दिवशी पंधरा किलोमीटर मारू नका.

नदीत बोट कधी घालायची?

प्रवाह मंदावल्यावर, पाणी तपकिरीतून हिरवट झाल्यावर, आणि क्लबच्या माणसाने हो म्हटल्यावर. तिन्ही एकत्र. पावसाळ्याचा एक उपकार असा, की उन्हाळाभर साठलेली जलपर्णी पूर वाहून नेतो, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरचं पात्र वर्षात सगळ्यात मोकळं असतं. पण पुराने तळ बदललेला असतो. जिथे खोल होतं तिथे गाळ बसतो, जिथे काही नव्हतं तिथे झाड अडकतं. पहिली फेरी मोठ्या, जड बोटीने आणि सावकाश. फिनला (बोटीच्या तळाच्या पात्याला) काय लागतंय ते तेव्हाच कळू दे, सिंगलमध्ये नको.

हाताच्या उघड्या जखमेने त्या पाण्यात हात घालू नका. लेप्टोस्पायरोसिस मुंबईकरांना पावसाळ्यामुळे माहीत असतो, पुणेकर त्याला मुंबईचा रोग समजतात. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीने दूषित झालेलं पाणी फुटलेल्या फोडातून आत जातं. पाण्यावर गेल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत सणक, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना “मी नदीत रोइंग करतो” हे वाक्य आधी सांगा. ते विचारतीलच असं नाही.

पहिल्या आठवड्यात किती करायचं?

हेच या पानावरचं मुख्य उत्तर, म्हणून सावकाश वाचा.

परतताना शरीरातल्या वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या वेगाने परततात. दम सगळ्यात आधी येतो. दोन-तीन आठवड्यांत श्वास लागेनासा होतो, स्प्लिट खाली यायला लागतात, माणूस खूश. हाताची कातडी तीन-चार आठवडे घेते. बरगड्यांची हाडं आणि पाठीचे स्नायुबंध त्याहून हळू. दम सांगतो “चल”, बरगडी म्हणते “थांब”, आणि बरगडीचा आवाज फार बारीक असतो. मी पाहिलेल्या बहुतेक दुखापती पहिल्या आठवड्यातल्या नाहीत. पहिल्या आठवड्यात सगळे जपून असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा छान वाटायला लागतं, तेव्हा त्या होतात.

म्हणून पहिला आठवडा हंगामातल्या अंतराच्या चाळीस टक्के, आठवड्यातून चार वेळा, स्ट्रोक रेट (मिनिटाला स्ट्रोक) १८ ते २०. दुसरा पन्नास टक्के. तिसऱ्यात अजिबात वाढवायचं नाही, वाटलं तरी नाही. चौथ्यापासून आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास. अंतर वाढवलं त्या आठवड्यात रेट वाढवायचा नाही, रेट वाढवला तर अंतर तेवढंच ठेवायचं. दोन्ही एकदम वाढवणारे नोव्हेंबरमध्ये माझ्या शेजारी खुर्चीवर बसून इतरांना बघतात.

बरगडी दुखतेय की स्नायू, कसं ओळखू?

हे मी स्वतः चुकीचं ओळखलं होतं. परतीचा तिसरा आठवडा, समोरून वारा, मी उगाच दाखवायला जोर लावत होतो. उजव्या कुशीत, काखेच्या खाली, एक चमक आली. वाटलं लचकलं. आईने शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली, मी बाम चोळला आणि दुसऱ्या दिवशी परत बोटीत. पाचव्या दिवशी अंथरुणात कूस बदलता येईना. शिंक आली तर दोन्ही हातांनी कूस दाबून धरायचो. एक्स-रे काढला, त्यात काही नाही, म्हणून आणखी एक आठवडा वल्हवलं. शेवटी एमआरआयमध्ये बरगडीला बारीक चीर दिसली. ताणाने पडलेली चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. सहा आठवडे गेले आणि राष्ट्रीय स्पर्धा मी काठावरून पाहिली.

तर खूण अशी: एका बोटाने दाखवता येईल अशी नेमकी जागा, आणि खोकताना, खोल श्वास घेताना, कूस बदलताना, जड दार ओढताना तिथेच सणक. असं असेल तर त्याच दिवशी वल्हं खाली ठेवा आणि खेळाडूंना तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जा. चार दिवसांत थांबलात तर कधीकधी दोन-तीन आठवड्यांवर भागतं. रेटलं तर माझ्यासारखं होतं.

पाठीचं काय? मी आयटीत आहे, दिवसभर बसूनच.

मग तुमची पाठ सुट्टीवर नव्हतीच. सकाळी उठल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकण्याचा ताण तेव्हा जास्त बसतो. आपला सराव पहाटे साडेपाचला. म्हणजे पलंगावरून थेट कॅचच्या (वल्हं पाण्यात घालतानाच्या, पुढे वाकलेल्या) स्थितीत जाणं हा सगळ्यात वाईट मार्ग. वीस मिनिटं आधी उठा, चाला, चहा प्या, नितंब सैल करा.

अर्गोवर सलग अर्ध्या तासाहून जास्त बसणं आणि पाठदुखी यांचा संबंध जगभरच्या रोअर्समध्ये दिसलेला आहे. एक तास करायचा असेल तर वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे पाडा, मध्ये उठून उभे राहा. एक तास सलग केला म्हणून कुणी पदक देत नाही.

२के टेस्ट कधी द्यायची?

नवव्या-दहाव्या आठवड्याआधी नाही. सहाव्या-सातव्यात ६के द्या, तीही नव्वद टक्के जोराने. पहिल्याच आठवड्यात “कुठे आहे ते बघतो” म्हणून २के मारणारा प्रत्येक जण निराश होऊन उठतो, आणि मग ती निराशा भरून काढायला पुढचे तीन आठवडे जास्त करतो. पुढे काय होतं ते वर लिहिलंय.

अर्गोवर डँपर दहावर ठेवतो. बरोबर ना?

नाही. दहावर ठेवणं म्हणजे तीन माणसांची बोट एकट्याने ओढणं. आकडा डँपरचा (हवा किती आत घ्यायची ते ठरवणाऱ्या खटक्याचा) नाही, ड्रॅग फॅक्टरचा (प्रत्यक्ष लागणाऱ्या अवरोधाचा) बघा. मॉनिटरच्या मेनूत मिळतो. बहुतेकांना ११० ते १३० पुरे. दोन महिने बंद पडलेल्या मशीनच्या जाळीत धूळ बसते आणि हवा कमी आत जाते, त्यामुळे डँपर तोच ठेवूनही ड्रॅग बदललेला असतो. गेल्या वर्षी चारवर छान वाटायचं म्हणून यंदाही चार, हे चालत नाही. साखळीला थेंबभर तेल द्या.

हातांना फोड येऊ नयेत म्हणून हातमोजे?

नको. दांडा बोटांत धरायला शिकणं लांबतं. फोड येणारच. फुटला तर कातडी ओढून काढू नका, साबणाने धुवा, कोरडा ठेवा, पाण्यावर जाताना टेप. सरावानंतर दांडे साबणाने धुतले पाहिजेत, कारण त्यावर सगळ्यांचं रक्त-घाम असतं. हे काम नवख्यांवर ढकलायची आपल्याकडे पद्धत आहे. वाईट पद्धत.

नवरात्राचे नऊ दिवस उपास आणि त्याच वेळी सराव. कसं जमवू?

तारखाच तशा येतात, श्रावण सुट्टीत जातो आणि नवरात्र नेमकं परतीच्या मध्यावर. मी उपास सोडा म्हणत नाही. तिसरा, न वाढवण्याचा आठवडा नवरात्रावर आणून ठेवतो, सगळं आपोआप जुळतं. साबुदाणा खिचडी इंधन म्हणून वाईट नाही, पण तिच्यात प्रथिनं फारशी नाहीत. दाण्याचा कूट सढळ घाला, दही, ताक, दूध, राजगिरा घ्या. निर्जळी करत असाल तर त्या दिवशी बोटीत बसायचं नाही, यावर चर्चा नाही.

वजन उतरवायला उपास वापरू नका. लाइटवेट (ठरावीक वजनाखालच्यांचा) गट पॅरिस २०२४ नंतर ऑलिंपिकमधून गेलाच आहे. तुमच्या स्पर्धेत तो गट असला तरी वजन हळूहळू, आठवड्यांच्या हिशोबाने उतरू द्या, शेवटच्या तीन दिवसांत पाणी तोडून नाही.

सराव वाढवल्यावर पाळी चुकली. ताणामुळे होतं ना?

“खेळणाऱ्या मुलींचं होतंच असं” हे वाक्य ऐकलं तर कान झाका. बहुतेकदा याचा अर्थ असा, की जेवढी ऊर्जा खर्च होतेय तेवढी पोटात जात नाही. त्याचा परिणाम हाडांवर होतो, आणि रोइंगमध्ये हाडं म्हणजे पुन्हा बरगड्या. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सरांना सांगायचा संकोच वाटत असेल तर आईला, ताईला, संघातल्या मोठ्या मुलीला सांगा. पण सांगा.

ताप असताना सराव केला तर? दत्तूने तर आजारी असून सुवर्ण जिंकलं.

हे उदाहरण मला पालकच जास्त देतात. दत्तू भोकनळ आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी भागातला. सैन्यात गेल्यावर वल्हं हातात धरलं आणि २०१६ ला रिओत सिंगल स्कलमध्ये तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, पालेमबांगला, तो आजारी असतानाही सिंगलच्या अंतिम शर्यतीत उतरला आणि शेवटी राहिला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर क्वाड्रपलमध्ये सुवर्ण. अभिमानाचीच गोष्ट.

पण ते चार वर्षांतून एकदा येणाऱ्या स्पर्धेचे दोन दिवस होते आणि सोबत संघाचे डॉक्टर होते. तुमच्या मुलाचा मंगळवारचा सराव आहे. नुसतं नाक वाहत असेल तर हलकं करू शकता. ताप, छातीत कफ, अंगदुखी असेल तर घरी. ताप गेल्यावर जितके दिवस ताप होता तितके दिवस हलकं.

मी दोन वर्षं पूर्ण सोडलं होतं. आता परत येणं शक्य आहे?

न्यूझीलंडची एमा ट्विग रिओत चौथी आली, रोइंग सोडलं, परत आली आणि टोकियोत सिंगल स्कलचं सुवर्ण घेतलं. तिच्याच देशाचा हॅमिश बाँड रिओनंतर सायकलिंगला गेला, २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत टाइम ट्रायलचं कांस्य मिळवलं, परत बोटीत बसला आणि टोकियोत एटचं (आठ जणांच्या बोटीचं) सुवर्ण. ब्रिटनची हेलन ग्लोव्हर तीन मुलांनंतर परतली. टोकियोत चौथी, पॅरिसमध्ये फोरमध्ये (चौघींच्या बोटीत) रौप्य.

शक्य आहे, पण या तिघांकडे पूर्वीची दहा-दहा वर्षं जमा होती. तुम्ही दोन वर्षं खेळून दोन वर्षं थांबला असाल तर सरळ नवख्यांच्या गटात बसा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, आणि तंत्रातल्या जुन्या चुका मोडायची तीच वेळ. बाळंतपणानंतर परतणाऱ्यांनी ओटीपोटाच्या स्नायूंची तपासणी आधी फिजिओकडून करून घ्यावी.

क्रूमधला एक जण महिनाभर उशिरा आला. त्याच्यासाठी थांबायचं?

बोटीत एकत्र बसा, पण लांब आणि हळू सरावालाच. जोराचं काम ज्याचं त्याने अर्गोवर. उशिरा आलेल्याला स्ट्रोक सीटवर (सगळ्यांना लय देणाऱ्या जागी) बसवू नका, तो लाजेखातर रेट चढवतो आणि मागचे तिघे त्याच्या पायी दमतात.

२०२८ ला शर्यत १५०० मीटरची होणार म्हणे. सराव बदलू का?

लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा मार्ग लाँग बीचला आहे आणि तिथे अंतर १५०० मीटर. तुम्ही तिथे जाणार असाल तर तुमचे प्रशिक्षक हे पान वाचत बसलेले नसतील. बाकीच्यांनी दोन हजारचाच सराव करावा.

पहिल्या दिवशी बोटीत बसण्याआधी काय तपासायचं?

खिशात दहाचा पाना. रिगरचे (वल्हं अडकवायच्या बाहेरच्या दांड्यांचे) सगळे बोल्ट हाताने हलवून बघा, दमट गोदामात ते गंजतात आणि कुणीतरी अर्धवट आवळून गेलेलं असतं. सीटची चाकं, स्लाइडमधली माती, नाकावरचा पांढरा बो-बॉल (बोटीच्या टोकाचा मऊ चेंडू). हॅच उघडून आत हात घाला, आमच्याकडे एकदा पालीची अख्खी वस्ती निघाली होती.

आणि बुटांच्या टाचांच्या दोऱ्या. टाच सात सेंटीमीटरहून जास्त उचलली जाता कामा नये, कारण बोट उलटली की त्या दोरीच्या जोरावरच पाय बाहेर निघतो. पावसाळ्यात त्या कुजतात आणि बाहेरून धड दिसतात. ओढून बघा. तुटली तर बरंच झालं, काठावर तुटली.